एकसष्ट नंबरची चाचणी

"ओढ," निनाद म्हणाला.

मी टेबलाखाली वाकले आणि संगणकाच्या पाठीतून नेटची निळी वायर उपसली.

"आता वर बघ."

वर पडद्यावर फाइलच्या नावाशेजारी हिरवी खूण होती. वायर माझ्या हातात लोंबत होती आणि खूण जागची हलली नव्हती.

"बघितलंस? नेट गेल्याचा त्याला पत्ताच नाही. लाव परत."

मी वायर लावली. फाइलवर दोनदा टिचकी मारली. एका कोपराचा एक्स-रे उघडला, काळ्यावर पांढरा, स्वच्छ.

"उघडली ना? लिही, पास."

मी तक्त्यात एकसष्ट नंबरपुढे 'पास' लिहिलं.

ओजस तेव्हा नऊ महिन्यांचा होता. आता तो सातवीत आहे आणि माझा फोन तीनदा वाजल्याशिवाय उचलत नाही. त्या शुक्रवारचा मात्र तास न् तास मला आठवतो.

नाशिकला एका टायरच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. सात माणसं आणि रबराचा वास. घाटापलीकडे हरणखेडला एका ट्रस्टचा दवाखाना होता. तिथे एक्स-रेचं मशीन होतं, पण एक्स-रे वाचणारा डॉक्टर नव्हता. तो नाशिकला. हरणखेडचे टेक्निशियन भोयेभाऊ एक्स-रे सीडीवर भरायचे आणि सीडी एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे. ती तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या हातात पडायची. आम्ही जो प्रोग्रॅम करत होतो, त्याने हे संपणार होतं. भोयेभाऊंच्या पडद्यावर एक फोल्डर दिसणार होतं, अगदी त्यांच्याच संगणकातलं वाटावं असं. पण खरं कपाट नाशिकला, डॉक्टरांच्या संगणकात. इकडे ठेवलं की तिकडे दिसणार. हरणखेडचं नेट येत-जात असायचं, म्हणून सगळी कसरत.

प्रोग्रॅम लिहिला होता निनादने. तपासायचं काम माझं. चौऱ्याऐंशी चाचण्यांचा तक्ता होता आणि शेवटी सहीची जागा.

"माणसाला ताटकळत ठेवायचं नाही," निनाद नेहमी सांगायचा. "त्याने सेव्ह म्हटलं की आपण हिरवं दाखवायचं. पाठवायचं ते मागून निवांत पाठवू. पोचणारच आहे ना शेवटी."

मला ते पटलं होतं. कुणाला पटणार नाही?

बाळंतपणाच्या रजेनंतर मला येऊन दोन महिने झाले होते. गोसावी सरांनी सकाळीच केबिनच्या दारातून सांगितलं होतं, "ऋजुता, रजा दिली तेव्हा मी एका शब्दाने बोललो नाही. या अहवालावर तुझी एकटीची सही आहे. हे नीट पार पडलं की कायम झाल्याचं पत्र टाइप करायला सांगतो." निनाद दुपारी तीनला संगणक गाडीत घालून हरणखेडला निघणार होता. शनिवारी तिथे आठवड्याचा बाजार, दवाखान्यात गर्दी. शनिवारपासून आमचा प्रोग्रॅम सुरू आणि सीडी बंद.

अकरा वाजता मी घरी फोन लावला. निनादने खुर्ची मागे रेलली.

"लागला का? आपला प्रोग्रॅमसुद्धा डॉक्टरांच्या संगणकाला इतक्या वेळा विचारत नाही, आहेस का, आहेस का म्हणून."

"गप रे. हॅलो, आई? कसाय ओजू?"

"मस्त आहे," सासूबाई म्हणाल्या. मागे पाणी ओतल्याचा आवाज आला. भांडी घासत असतील, मला वाटलं.

"खाल्लं का?"

"खाल्लं गं. तू कर तुझं काम. आज तुझा सहीचा दिवस ना?"

एरवी मी म्हणायचे, फोन त्याच्याजवळ न्या. सासूबाई नेत. ओजस फोनवर फुंकर मारल्यासारखा काहीतरी आवाज काढायचा, फोन चाटायचा, आणि मग मला पुढचे दोन तास जमायचे. सासूबाईंना ते खुळचटपणाचं वाटे. अंगणवाडीत सव्वीस वर्षं काढलेली बाई ती. माझ्या एका पोराचं त्यांना काय! पण नेत. त्या दिवशी अठ्ठावन्न नंबर चालू होता, निनाद हातात वायर धरून उभा होता. मी फोन ठेवला.

पावणेएकला चौऱ्याऐंशीवी चाचणी झाली. मी सही केली, तारीख घातली, कागद सरांच्या टेबलावर ठेवला. छातीत दूध भरून आलं होतं, कुर्त्यावर ओढणी पसरून मी खाली आले आणि स्कूटी काढली. रोज एक ते पावणेदोन मला घरी जायची मुभा होती. घर दहा मिनिटांवर. सारंग, माझा नवरा, त्या वर्षी गुजरातेत साइटवर होता, पंधरा दिवसांनी यायचा. म्हणजे घर म्हणजे सासूबाई, ओजस आणि मी.

दार उघडं होतं. सासूबाई जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. मांडीवर ओजस, नुसत्या लंगोटावर. शेजारी पातेल्यात पाणी आणि त्याच्या कपाळावर माझ्या जुन्या ओढणीची घडी.

"काय झालं?"

"काही नाही. ओरडू नको, आत्ता डोळा लागलाय."

मी त्याच्या पोटाला हात लावला आणि मागे घेतला.

"किती आहे?"

"मघाशी एकशे दोन होता. आता अर्धा-एक उतरलाय. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं ते औषध दिलंय. दातांचा असेल म्हणाले. संध्याकाळपर्यंत नाही उतरला तर दाखवायला या म्हणाले."

"कधीपासून?"

सासूबाईंनी कापड पाण्यात बुडवलं. पिळलं.

"दहापासून."

"अकराला मी फोन केला होता!"

"केला होतास."

"तुम्ही म्हणालात मस्त आहे!"

"मग काय म्हणू? ताप म्हटलं असतं तर तू हातातलं टाकून धावत आली असतीस. येऊन काय केलं असतंस? ह्याच घड्या ठेवल्या असत्यास. आणि तो बरा होणारच आहे. दोनशे पोरांचे ताप बघितलेत मी. होणारच आहे म्हणून म्हटलं मस्त."

"पण तेव्हा नव्हता ना मस्त!"

ओजस दचकला, तोंड वेडंवाकडं केलं, पण उठला नाही. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या रागावल्या नव्हत्या. थोड्या थकलेल्या होत्या.

"ऋजुता, रोज म्हणतेस ना फोन त्याच्याजवळ न्या म्हणून? आज म्हणाली असतीस तर नेला असता. मग काय लपणार होतं? तो कण्हत होता. आज तू मलाच विचारलंस आणि ठेवून दिलास."

मी हात धुतले, ओजसला घेतलं आणि भिंतीला टेकून बसले. तो झोपेतच ओढायला लागला. त्याचं तोंड इतकं गरम होतं की मला चटका बसल्यासारखं झालं. मी त्याच्या मानेवरचा घाम पुसत होते आणि मनात तेच तेच फिरत होतं: मलाच विचारलंस आणि ठेवून दिलास.

आणि मग, का कोण जाणे, मला कोपर दिसलं. काळ्यावर पांढरं.

मी फाइल ज्या संगणकावर ठेवली, त्याच संगणकावर उघडून बघितली होती. एकसष्टमध्येच नव्हे, सगळ्या चाचण्यांत. डॉक्टरांचा म्हणून आणलेला संगणक सरांच्या केबिनमध्ये होता, कारण एसी तिथेच होता. आमच्या टेबलापासून पंधरा पावलं. पण सर आत बसलेले असताना कोण उगाच दार ढकलणार? निनाद जायचा नाही, मीही जायचे नाही. सगळं बाहेरच्या बाहेर तपासायचो. चार दिवसांत फाइल तिकडे पोचली का, हे तिकडे जाऊन कुणीही पाहिलं नव्हतं.

पोचणारच होती ना शेवटी.

पण आणखी काहीतरी होतं. मागच्या आठवड्यात मी भोयेभाऊंना फोनवर प्रोग्रॅम समजावून सांगितला होता. त्यांचं बोलणं मी वहीत लिहून घेतलं होतं आणि वही माझ्या पर्समध्ये होती.

"आई, पर्स द्या ना जरा."

वहीत माझंच अक्षर होतं. 'हिरवं आलं की मी मेन बंद करतो मॅडम. पाचनंतर इन्व्हर्टर फक्त लसीच्या फ्रिजला.'

मी एका हाताने निनादला फोन लावला.

"निनाद, एकसष्ट परत कर. फाइल ठेव, लगेच वायर काढ, हिरवं येऊ दे. मग वायर लावू नकोस. प्लगच काढ."

"जेवतोय गं मी. प्लग कशाला?"

"भोयेभाऊ पाचला मेन बंद करतात. हिरवं दिसलं की. त्या वेळी फाइल गेलेली नसेल तर?"

"मग सकाळी चालू केल्यावर जाईल. ती तात्पुरत्या जागेत असते ना, तिथून..." तो थांबला. डबा बंद केल्याचा आवाज आला. "एक मिनिट."

"निनाद?"

"चालू होताना आपण तात्पुरती जागा साफ करतो," तो हळू म्हणाला. "मीच लिहिलंय ते. आदल्या दिवसाचा कचरा राहू नये म्हणून."

मी वहीतली ती ओळ पुन्हा वाचली.

"हे बघ," तो म्हणाला, "मी सोमवारपर्यंत दुरुस्त करून पाठवतो. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. तोवर भोयेंना सांगू, मेन बंद करू नका."

"आणि लसीचा फ्रिज? रात्री वीज गेली की संगणकच इन्व्हर्टर संपवेल."

"सही झालीये ना तुझी? राहू दे ना मग. सरांना आत्ता सांगितलंस तर माझं सोड, तुझं पत्र..."

"झालीये सही. चुकीची झालीये."

मी फोन ठेवला. ओजसने तोंड सोडलं होतं. गाल लाल, श्वास भरभर. सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"म्हणजे तिकडच्या एखाद्या पोराचा फोटो हरवेल?"

"हो. आणि पडद्यावर हिरवी खूण असेल. भोयेभाऊंना वाटेल डॉक्टरांनी बघितला, डॉक्टरांना कळणारच नाही की कुणाचा काही यायचा होता."

"दुसरा काढता येईल ना?"

"माणूस बाजाराला आलेला असतो, आई. डोंगरातनं. तो थांबतो का दुसरा काढायला?"

त्यांनी हात पुढे केले. "आण इकडे. जा तू."

मी उठले नाही. नऊ महिन्यांत ताप पहिल्यांदा आला होता. तीन तास मला कळलंही नव्हतं, आणि कळल्यावर अर्ध्या तासात परत निघायचं?

"जा म्हणते ना. ह्या वेळी असेल ते सांगेन. कमी तर कमी, जास्त तर जास्त. तू विचारायची पण वाट बघणार नाही."

ऑफिसला पोचले तेव्हा संगणक खोक्यात भरून झाला होता. निनाद खोक्यावर टेप लावत होता. लावत होता म्हणजे टेपचं टोक शोधत बसला होता. त्याने वर बघितलं नाही.

मी केबिनचं दार ढकललं. गोसावी सर फोनवर ट्रस्टच्या माणसाशी हसून बोलत होते. मी उभी राहिले. त्यांनी फोन ठेवला.

"पोरगं बरं आहे ना? चेहरा का असा?"

"सर, एकसष्ट नंबर चुकलाय. मी पास लिहिलंय, पण तो नापास आहे. मला दाखवायचंय."

"तीनला गाडी आहे."

"दहा मिनिटं लागतील."

सर उठून बाहेर आले. निनादने खोकं उघडलं, संगणक टेबलावर ठेवला, वायरी लावल्या. भोयेभाऊंनी चाचणीसाठी पाठवलेला तोच कोपराचा एक्स-रे मी फोल्डरमध्ये टाकला आणि त्याच क्षणी निळी वायर ओढली.

हिरवी खूण.

"मग? बरोबर आहे की," सर म्हणाले.

"आता पाच वाजले, सर. भोयेभाऊ घरी चालले." मी भिंतीवरचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला. "आता सकाळ झाली." बटण चालू केलं, नेटची वायर लावली.

संगणक सुरू व्हायला तेव्हा तीन-चार मिनिटं लागत. तेवढा वेळ तिघंही त्या पडद्याकडे बघत उभे होतो. खालून टायरमध्ये हवा भरल्याचा आवाज येत होता. फोल्डर उघडलं. रिकामं.

"तिकडचं बघा, सर. तुमच्या केबिनमध्ये."

सर गेले. पंधरा पावलं. दारातून त्यांची पाठ दिसत होती, वाकलेली. खूप वेळ ते तसेच उभे होते, खरं तर मिनिटभरच असेल.

"इथे पण नाही," आतून आवाज आला. मग ते बाहेर आले. "आधी का नाही बघितलं हे?"

निनाद म्हणाला, "सर, मी साफसफाईचा कोड..."

"तुला नाही विचारत. सही कुणाची आहे?"

"माझी," मी म्हटलं. "आम्ही तुमच्या केबिनमध्ये येऊन बघायला पाहिजे होतं. नाही आलो. मी घरी जायच्या घाईत होते."

एवढ्यात माझा फोन वाजला. घरून. मी सरांकडे बघितलं, त्यांनी मानेनेच घे म्हटलं.

"एकशे एक आहे," सासूबाई म्हणाल्या. हॅलो नाही, काही नाही. "कमी झालाय, गेलेला नाही. उठलाय आणि चिडलाय. ऐक."

आणि ओजसचं रडणं आलं. खणखणीत, घसा खरवडून, मधे मधे उचक्या. मी फोन कानाला लावला होता, तरी निनादला ऐकू गेलं, सरांना ऐकू गेलं. त्या दोघांच्या चेहऱ्यावर कशी कीव आली होती ते मला आठवतं. मला मात्र त्या दिवशी सकाळपासून पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

"आलं ऐकू?"

"आलं, आई."

"मग ठेव. अर्ध्या तासाने परत करते."

सरांनी अहवालाचा कागद टेबलावरून उचलला होता. मी पेन काढलं, सही खोडायला.

"खोडू नकोस," ते म्हणाले. "खाली नवीन ओळ लिही. काय चुकलं, कसं कळलं, सगळं. आणि आजची वेळ घाल." मग ते आत गेले आणि ट्रस्टच्या माणसाला फोन लावला. ह्या वेळी हसले नाहीत. दार त्यांनी उघडंच ठेवलं होतं, म्हणून मला ऐकू आलं: "नाही, गाडी येत नाही आज. सीडी चालू ठेवा. हो, आमची चूक."

मला कायम झाल्याचं पत्र त्या महिन्यात मिळालं नाही. पुढच्याही नाही. निनाद आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलला, आणि त्याच आठवड्यात त्याने साफसफाईचा कोड काढून टाकला आणि एक पिवळी खूण घातली. फाइल ठेवली की पिवळी, शेजारी शब्द, 'वाटेत आहे'. नाशिकच्या संगणकाने 'मिळाली' असं उलट कळवल्याशिवाय हिरवी व्हायची नाही. मेन बंद केला तरी फाइल जागची हलायची नाही; सकाळी पुन्हा पिवळी. तक्त्यात चौऱ्याऐंशीच्या एकशे दोन चाचण्या झाल्या. प्रत्येकीला मी केबिनचं दार ढकलून आत जायचे. सर चहा पीत असले तर कप बाजूला सरकवायचे, बस एवढंच.

ओजसचा ताप शनिवारी उतरला. रविवारी खालच्या हिरडीत दात दिसला.

तीन आठवड्यांनी, बाजाराच्या शनिवारी, हरणखेडला प्रोग्रॅम सुरू झाला. निनाद तिकडे होता, मी इकडे. साडेतीनला भोयेभाऊंचा फोन आला.

"मॅडम, पहिला टाकला. पिवळं आहे."

"असू दे. नेट आलं की जाईल. मेन बंद केला तरी चालेल, भाऊ. काही हरवणार नाही."

"साहेबांनी सांगितलं. पण पाचाला टाइम आहे. मी बसतो."

मी तक्ता आवरत होते. एक पोरगी झाडावरून पडली होती, निनादने नंतर सांगितलं, मनगट. तिचा बाप पिशवी घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. चाळीस मिनिटांनी फोन पुन्हा वाजला.

"मॅडम, हिरवं झालं."

"छान, भाऊ."

ते फोन ठेवतील असं मला वाटलं. नाही ठेवला. मागे माणसांचा गलबला होता, कुणीतरी नंबर पुकारत होतं.

"मॅडम," ते जरा संकोचून म्हणाले, "हिरवं माझ्याकडं झालंय. तुमच्याकडं दिसतंय का?"

मी केबिनमध्ये गेले. डॉक्टरांच्या कपाटात काय आलं ते तिथल्या संगणकावर बघता यायचं. सर नव्हते. फोल्डर उघडलं. एक फाइल होती. टिचकी मारली आणि हळूहळू, वरून खाली, एक लहानसं मनगट उतरत गेलं.

"दिसतंय," मी म्हटलं.

"हां," भोयेभाऊ म्हणाले. "मग सांगतो त्यांना."

मी तिथेच उभी राहून घरचा नंबर फिरवला.

"आई, कसाय ओजू?"

"मस्त आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि मी काही बोलायच्या आत, "थांब. देते."